सेलवर चालणारी धवलारीण

उन्हाळा लागला की आमच्या चाळीत प्रत्येकीच्या ओट्यावर काहीतरी वाळत पडलेलं असे. कुणाच्या कुरडया, कुणाच्या मिरच्या, कुणाचा जवळा. आत्याच्या ओट्यावर सेल वाळत. टॉर्चमध्ये घालतात तसले जाडे सहा सेल सुपात ओळीने मांडलेले, आणि शेजारी काठी घेऊन राखणीला बसलेली आत्या. "आत्या, कावळा सेल घेऊन काय करणार?" असं मी एकदा विचारलं. "तुना काय ठाव, त्याची पन बॅटरी उतरली आसंल," ती म्हणाली आणि माझ्याआधी स्वतःच खदखदून हसली. उतरलेले सेल उन्हात तापवले की पुन्हा थोडे चढतात, यावर तिचा गाढ विश्वास होता. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, पण या विषयावर तिने मला कधी तोंड उघडू दिलं नाही.

हे सेल तिच्या कीबोर्डचे. आत्या धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो म्हणणारी ती धवलारीण. तिच्याशिवाय लग्नाचं पान हलत नाही. आत्याचं नाव जमनाबाय, माहेर दापोड्याचं. माझी सख्खी नव्हे, सगळी चाळच तिला आत्या म्हणे. तिची आई धवलारीण होती. आईच्या मांडीवर बसून तिने सगळे धवले पाठ केले होते, कागदावर एक ओळ नव्हती. बाकीच्या धवलारणी नुसत्या गळ्यावर गात. आत्या मांडीवर कीबोर्ड घेऊन गाई. गावातली एक बेंजो पार्टी मोडली तेव्हा तो तिच्या वाट्याला आला होता. त्याच्या चार पट्ट्या मुक्या होत्या. त्या कुठल्या ते तिच्या बोटांना माहीत होतं, ती त्यांना वळसा घालून जाई.

एका हळदीला एक म्हातारे नाना भर मांडवात उठून म्हणाले, "देवाच्या गान्याला बाजा कशाला पाहिजे?" आत्या शांतपणे म्हणाली, "नाना, सुराला कोन तरी जोरीला लागतंय. तुमी बसता का माज्या बाजूला, आ करून?" नाना मुकाट्याने खाली बसले. त्यानंतर पंचक्रोशीत ती कीबोर्डवाली जमनाबाय झाली. कीबोर्डमधला तयार ठेका मात्र तिने कधी लावला नाही. "त्यो डबरा वाजवला का लगीन कोनाचं नि नाचतंय कोन," म्हणायची. एका हाताने लांब सूर धरायचा आणि त्यावर गायचं, एवढंच तिचं वाजवणं. पण तो सूर लागला की मांडवातली पोरं खुर्च्यांवरून उड्या मारायची थांबत.

आमची चाळ भिवंडीत, धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत होती. आत्या आणि तिची मुलगी सुगंधा शेवटच्या खोलीत राहत. त्यांच्या भिंतीला भिंत लावून यंत्रमागाचा कारखाना, आणि समोर, मागे, कोपऱ्यावर आणखी कारखाने. दिवसरात्र खटाखट, खटाखट. बाहेरचा पाहुणा आला की तासाभरात कपाळ धरून बसे आणि आम्ही एकमेकांकडे बघत विचारायचो, "कसला आवाज?" आम्हाला तो ऐकूच येत नसे. ऐकू येई ते फक्त लाइट गेल्यावर. त्या काळात भारनियमन रोजचं. दुपारी दोनला लाइट जाई, सगळे माग एकदम थांबत आणि कानात काहीतरी रिकामं झाल्यासारखं वाटे. अख्खी चाळ वैतागून पंखे, पदर, वर्तमानपत्रं हलवायला लागे. आणि शेवटच्या खोलीतून आत्याची आनंदाची आरोळी येई, "लाइट गेली, शांती आयली!" मग सुपातले सेल कीबोर्डच्या पोटात जात आणि दुपार गाण्याची होई. सगळी भिवंडी लाइट यायची वाट बघे आणि ही एकटी लाइट जायची.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि दापोड्याच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात कुठला ट्रक आला, कुठला गेला ते लिहीत होतो. माझा डिप्लोमा कपाटात फाइलमध्ये होता. चाळीत कुणाचा मिक्सर बिघडला, टीव्हीवर मुंग्या आल्या की मला हाक येई, तेवढीच माझी इलेक्ट्रॉनिक्स.

एका रविवारी आत्याने मला बोलावलं. मी आत गेलो तर ती कीबोर्ड पुढ्यात घेऊन बसलेली, पण बोलेना. सुगंधाने सांगितलं. आत्याचा आवाज दोन महिने बसत चालला होता. कल्याणच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की घशात स्वरतंतूवर गाठ आहे, ती काढावी लागेल. दोन आठवड्यांनी ऑपरेशन. नंतर बोलता येईल, पण गाता येईल याची खात्री नाही. तोवर शक्य तितकं गप्प राहायचं. आणि सुगंधाचं लग्न वैशाखात ठरलेलं, म्हणजे ऑपरेशननंतर.

"आये बोलतंय," सुगंधा म्हणाली, "आख्ख्या तालुक्याच्या पोरी मी लावून दिल्या, नि माज्याच पोरीला दुसरीचा धवला?"

आत्याने कीबोर्डची एक उंच पट्टी दाबली. टिंग. गप्प राहायचं ठरल्यापासून तिने ही भाषा काढली होती: उंच पट्टी म्हणजे हो, खालची म्हणजे नाही. मग डॉक्टरांना न जुमानता ती म्हणालीच, "दादूस, तू मशीनवाला. माजा गला भरून ठेव कशात तरी."

खरं सांगतो, मला आधी वाईट वाटायला हवं होतं. पण माझ्या अंगावर आनंदाने काटा आला. रेकॉर्डिंग! घरात! इतकी वर्षं जे मासिकांत वाचत होतो, वहीत कात्रणं चिकटवत होतो, ते करायला मिळणार होतं. आठवडाभर ऑफिसात ट्रकांच्या नोंदींच्या मागच्या पानांवर मी यादी करत होतो. कॉम्प्युटर, त्यात घालायचं साउंड कार्ड, माइक, माइकचा स्टँड, हेडफोन. साहेबांनी एकदा पान उलटलं आणि विचारलं, "ये माइक कौन सी गाडी से आया?"

पुढच्या शनिवारी मी, आत्या आणि चादरीत गुंडाळलेला कीबोर्ड असे तिघे मुंबईला वाद्यांच्या दुकानात गेलो. थंडगार, गालिचा अंथरलेलं, काचेच्या दाराआड एकदम निःशब्द दुकान. मालक सज्जन होते. त्यांनी एक मोठा, चांदीसारखा चकचकीत माइक काढला. "हा बघा, स्टुडिओचा. समोरून मुंगी चालत गेली तरी पकडेल."

"मुंगी नको, मना मी पाहिजे," आत्या पुटपुटली.

मालकांनी तिला काहीतरी गायला सांगितलं. तिने खालची पट्टी दाबली, टुंग. "धवला दुकानात न्हाय म्हनत. मांडवाशिवाय तोंडातून कारायचा न्हाय, माज्या आयेनं शपथ घातलीय." मग गाणार काय? तिने क्षणभर विचार केला, कमरेवर हात ठेवला आणि खणखणीत आरोळी ठोकली, "ए बोंबीलऽ, ताजं बोंबीलऽ घ्या!" गिटार बघायला आलेली दोन पोरं दचकून मागे सरकली. मालकांनी ते हेडफोनवर ऐकवलं. काय आवाज होता! तिचा श्वास, दातांवर घासलेला स, सगळं. मी हुरळून गेलो. मालक एक साधा, लोखंडी जाळीचा, स्टेजवरचा माइकही दाखवत होते, पण मी तिकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, "घरी शांतता आहे ना?" आम्ही दोघांनी एकदमच सांगितलं, "हो, हो, एकदम शांत." आम्ही खोटं बोललो नव्हतो. आम्हाला तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मित्राचा कॉम्प्युटर आत्याच्या खोलीत आणून मांडला. माझा उत्साह बघून चाळीतली निम्मी माणसं दारात जमली. मांडवाच्या शपथेमुळे धवला नाही, म्हणून आत्याने तयारीपुरतं देवीचं एक गाणं गायचं ठरवलं. आवाज जपून वापरायचा होता, तरी पाच कडव्यांचं ते गाणं तिने जीव ओतून म्हटलं. मी हेडफोन कानाला लावला. खटाखट, खटाखट, खटाखट. शेजारचा कारखाना, समोरचा, मागचा. तिसऱ्या खोलीतल्या कुकरची शिट्टी. रिक्षा स्टँडवरचा "कल्यान, कल्यान!" आणि या सगळ्याच्या पलीकडे, जत्रेत हरवलेल्या पोरासारखी, कुठेतरी आत्या.

जन्मभर आम्ही तो आवाज ऐकला नव्हता. मुंगीही पकडणाऱ्या माइकने तो मिनिटभरात ऐकवला.

दोन वाजता लाइट गेली. माग थांबले, रस्ताही सुस्तावला. हवी तशी शांतता. आणि माझा कॉम्प्युटर काळाठिक्कर. मी त्याच्यापुढे डोकं धरून बसलो. पाच कडव्यांचा आवाज मी वाया घालवला होता, आणि तो किती उरलाय हे कुणालाच माहीत नव्हतं. मला रडूच यायला लागलं. आत्या उठली, ओट्यावर गेली, सूप घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवलं. तापलेले सहा सेल.

"मी कशावर गातंय?" ती खरखरत्या आवाजात म्हणाली. "तुजी मशीन पन त्याच्यावर चालनारी आन ना. लाइट गेली का आपला इस्टुडिओ."

मासिकं वाचून वाचून माझ्या डोक्यात जे आलं नव्हतं ते तिला सूप हातात घेताना कळलं होतं. सोमवारी मी रजा टाकून पुन्हा दुकानात. मालकांना सगळं सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले, पण चकचकीत माइक परत घेतला आणि त्याच्या बदल्यात दोन वस्तू दिल्या. एक हाताच्या पंजाएवढा रेकॉर्डर, पेन्सिल सेलवर चालणारा. त्याला दोन वायरी लागत: एकीतून माइकचा आवाज जाई, दुसरीतून थेट कीबोर्डचा, म्हणजे एकाने दुसऱ्याला झाकायचं नाही. आणि तोच साधा, लोखंडी जाळीचा माइक. तो अगदी ओठांपाशी धरला तरच ऐकतो, लांबचं त्याला कळत नाही. "आणि खोली घुमते का?" त्यांनी विचारलं. "मग चारी बाजूंनी गोधड्या लावा. वरूनही."

ऑपरेशनला सहा दिवस उरले होते, म्हणून आत्या शपथ मोडून धवला म्हणायला तयार झाली होती. मंगळवारी दोनला लाइट गेली, चाळीने उसासा टाकला, मी रेकॉर्डर चालू केला. आत्याने सूर धरला. तोंड उघडलं. आणि मिटलं.

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. शेवटी तिने माइक खाली ठेवला. "न्हाय व्हत, दादूस. मांडव न्हाय, नवरी न्हाय. मी कोनाला सांगू? भिंतीला?" मी चिडलो. एवढी धावपळ केल्यावर आता पुन्हा शपथ आठवली, असं काहीतरी तोडून बोललोही. ते आजही मला टोचतं. आत्याने खालची पट्टी दाबली आणि तशीच दाबून ठेवली. ती दुपार गेली.

बुधवारी मी घुमणं थांबवायला म्हणून कारखान्यातून चार बांबू मागून आणले, खोलीच्या चार कोपऱ्यांत उभे केले, सुतळीने आडवे बांधले आणि चाळीतून गोळा केलेल्या गोधड्या त्यावर टाकल्या. बाजूंना टाकल्या, वर टाकल्या. आत्या दारात उभी राहून बघत होती. बराच वेळ वर बघत राहिली. मग बाहेर गेली आणि हातात आंब्याची डहाळी घेऊन आली. ती तिने समोरच्या बांबूला बांधली.

"चार मेढी, वर छत, आंब्याची डहाली," ती म्हणाली. "ह्यो मांडवच की रं! सुगंधे, हलद घे नि इकरं येऊन बस."

सुगंधा हसत हसत गालाला हळद लावून गोधड्यांखाली पाटावर बसली. मी रेकॉर्डर घेऊन कोपऱ्यात. दोन वाजले, लाइट गेली, भिवंडी थांबली. आणि आत्याने हळदीचा पहिला धवला उचलला.

ते मला नीट सांगता येणार नाही. आजारी आवाज होता, वर जाताना फाटत होता, पण त्या फाटण्यातूनच तो असा काही बाहेर येत होता की मी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. पंखा नाही, खिडकी बंद, अंगाभोवती एकोणीस गोधड्या. आम्ही तिघं घामाने निथळत होतो आणि लहान मुलांसारखे खुशीत होतो. एक धवला संपला की आत्या टिंग करून विचारी, मी हेडफोन काढून अंगठा वर करी आणि ती टाळी वाजवी. दुसऱ्या दिवशी शेजारणी बंद दाराबाहेर श्वास रोखून बसल्या. कुणी कुकर लावला नाही. रिक्षा स्टँडवर कुणीतरी जाऊन सांगून आलं होतं की दुपारी जमनाबायचं रेकॉर्डिंग आहे, आणि तिथले दादा खुणेने गिऱ्हाईक बोलवत होते.

धवले लग्नाच्या क्रमानेच म्हणायचे, मागचापुढचा करायचा नाही. म्हणून शेवटच्या दिवशी, शनिवारी, शेवटचा उरला तो पाठवणीचा. चार वाजले होते. पाचपर्यंत वेळ होता. आत्याचा आवाज आता अगदी काठावर आला होता. ती पाणी प्यायली, तिने सुगंधाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सुरुवात केली. दुसरं कडवं संपायच्या आत खोलीतला बल्ब पिवळा झाला. लाइट तासभर आधीच आली. आणि भिंतीपलीकडून खटाखट, खटाखट, या माइकलाही चुकवता येऊ नये इतक्या जवळून.

मी हात वर करून थांबवणार होतो. आत्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. थांबली तर पुन्हा सुरू करायला गळ्यात काही उरलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तिने एक श्वास घेतला, मागांचा ठेका ऐकला, कीबोर्डवर उजव्या हाताची बोटं त्या ठेक्यावर आपटायला लागली, आणि कधी ठेका न लावणाऱ्या आत्याने उरलेला धवला मागांच्या तालावर म्हटला. शेवटच्या ओळीला आवाज गेला तो गेलाच. मी मनातल्या मनात लाइटवाल्यांना शिव्या देत होतो. बाकी सगळे धवले स्वच्छ आणि नेमका हाच खराब.

ऑपरेशन नीट झालं. आत्या बोलायला लागली, पण आवाज कुजबुजीएवढा. गाणं संपलं होतं.

वैशाखात लग्न दापोड्याला, सुगंधाच्या मामाच्या अंगणात झालं. चाळीत मांडवाला जागा कुठली? आत्या नेहमीच्या जागी कीबोर्ड घेऊन बसली, शेजारी मी रेकॉर्डर स्पीकरला जोडून. टिंग झालं की मी चालू करी, टुंग झालं की बंद. हळदीला तिचा आवाज मांडवात घुमला तेव्हा म्हाताऱ्या बायांनी तोंडाला पदर लावले. ती स्वतःच्याच आवाजाला सूर देत बसली होती, आणि चेहरा असा खुललेला की मी पुढचं बटण दाबायला विसरलो.

पाठवणीची वेळ आली. मी तिच्या कानाशी वाकून म्हणालो, "आत्या, हा नको. खूप खडखड आहे. कुणाला तरी म्हणायला सांगू?" टुंग. मग लगेच टिंग. मी चालू केला.

दुसऱ्या कडव्याला अंगणात माग सुरू झाले. लोक इकडेतिकडे बघायला लागले, की गोडाऊनच्या गावात लूम कुठून आला. सुगंधा दोन दिवस कोरड्या डोळ्यांनी सगळं करत होती, मैत्रिणी तिला दगड म्हणून चिडवत होत्या. ती जागच्या जागी थबकली. "आये," ती म्हणाली, "आये, आपलं घर!" आणि जी आईच्या गळ्यात पडून रडायला लागली, ती मामांनी दोनदा हाक मारली तरी सुटेना. आत्याची बोटं मात्र पट्ट्यांवरच होती, खटाखट, खटाखट, शेवटच्या ओळीपर्यंत. मी स्पीकरच्या मागे तोंड लपवलं.

आत्याला जाऊन आता काही वर्षं झाली. भिंतीपलीकडचा कारखाना बंद पडला, तिथे आता खोके भरून ठेवतात. मी कल्याणला राहतो, आणि माझ्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम आहे जो गाण्यातला असला आवाज मिनिटात उपटून काढतो. परवा मोठ्या उत्साहाने मी सुगंधाला फोन केला. म्हटलं, "पाठवणीचा धवला साफ करून देतो, बाकीच्यांसारखा स्वच्छ होईल."



"नको दादा," ती म्हणाली. "लूम कारलात तं आये गाईल कशावर?"

मी प्रोग्राम बंद केला, आणि तो धवला आहे तसा, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला.